वजा जाता उरलेला घरमालक

पाथरीत घरावर वरचा मजला चढवणाऱ्याला लोक मालदार म्हणतात. वर भाडेकरू ठेवला की हुशार म्हणतात. आणि भाडेकरू दर महिन्याच्या पाच तारखेला न मागता भाडं आणून देतो असं तो सांगू लागला, की थापाड्या म्हणतात. मी या तिन्ही पायऱ्या चढलोय. तिसरीवर फार दिवस टिकलो नाही, भाडेकरूनंच टिकू दिलं नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले आणि डोक्यात दोन खोल्या शिरल्या. हवाही तशीच होती. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी १०० कोटींची घोषणा केली. जन्मस्थानाच्या वादावरून शिर्डीकरांनी बंद पाळला. तिकडं शिर्डी बंद आणि इकडं पाथरीतली सगळी तोंडं उघडी. चहाच्या टपरीवर बसून ज्यानं त्यानं आपापल्या गच्चीवर भक्तनिवास बांधला, त्याला लिफ्ट बसवली आणि हैदराबादचे भाविक उतरवले. कप खाली ठेवेपर्यंत जागेचे भाव दुप्पट झालेले असायचे. बाकीच्यांनी टपरीवरच बांधलं, मी खरोखर बांधलं. भाविक काही आले नाहीत, भाडेकरू आले. भाविक जाताना दक्षिणा ठेवून जातो आणि भाडेकरू बाथरूमच्या नळाची तक्रार ठेवून जातो, हे मला स्लॅब टाकून झाल्यावर कळलं.

घरमालक झाल्यावर माणसाची नजर बदलते. पूर्वी घरातला नळ गळायला लागला की मी खाली बादली लावायचो आणि पेपर वाचायचो. आता वरचा नळ गळला की मला खर्च दिसायचा, आणि खर्चापाठोपाठ वजावट दिसायची. हे वजावटीचं खूळ माझ्या डोक्यात घातलं आमच्या कट्ट्यावरच्या एका निवृत्त तलाठ्यानं.

"गुरुजी, भाडं उत्पन्नात धरतेत म्हणल्यावर खर्चबी धरावाच लागंल की. बिलं ठेवत जा."

तलाठी माणूस कागदाबद्दल बोलायला लागला की आपण नुसती मान डोलवायची असते. मी डोलवली, घरी आलो आणि बायकोकडून साडीच्या दुकानाची एक जाड पिशवी मागून घेतली. तिच्यावर स्केचपेननं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'वरचा मजला : वजावट'. बायकोनं ते वाचलं आणि विचारलं, "वरचा मजला म्हणजे नेमका कोणता?" आणि माझ्या डोक्याकडं बघत राहिली.

आता पाथरीत बिल मागणं हा जरा संशयाचा प्रकार आहे. हार्डवेअरच्या दुकानात टाकीचा बॉलकॉक आणि दोन एल्बो घेतले आणि "बिल द्या" म्हटलं, तर दुकानदारानं आधी माझ्या मागं कोणी उभं आहे का ते पाहिलं.

"कशाला?"

"इन्कम टॅक्सला लागतं."

"धाडबिड पडली का काय, गुरुजी?"

"नाही हो. वजावट घ्यायचीय."

"मग पक्कं पाहिजे का कच्चं? पक्क्याला अठरा टक्के वरून लागतेत."

मी पक्कं घेतलं. कर वाचवण्यासाठी आधी कर भरायचा, हे जरा विचित्र वाटलं खरं. पण 'पक्कं' हा शब्द ऐकून दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी वळून माझ्याकडं ज्या आदरानं पाहिलं, तो अठरा टक्क्यांत महाग नव्हता.

मोटारीचं काम याहून अवघड निघालं. एप्रिलमध्ये मोटार जळाली, वायरमननं ती नेऊन रिवाइंडिंग करून आणली. त्याला बिल मागितलं तर तो हसायलाच लागला.

"गुरुजी, मला चौथीला कोण होतं?"

"मी."

"मग मला कितपत लिवता येतंय ते तुमाला माहीत नाही का?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. बिल मीच लिहिलं, 'मोटार दुरुस्ती रुपये १,८०० फक्त', आणि त्यानं खाली सही केली. सही करताना आडनावातलं एक जोडाक्षर चुकलं, ते मी जुन्या सवयीनं लाल पेनानं दुरुस्त केलं. म्हणजे बिल माझ्या अक्षरातलं आणि सहीही निम्मी माझीच. गवंड्यानं तर कागद हातात घ्यायलाच नकार दिला. त्याच्या मते कागदावर सही करणारा माणूस पुढं कधी ना कधी कोर्टात जातो. त्याचे पैसे, त्याच्या हाताखालच्या बाईची मजुरी, दोन वेळचा चहा आणि गच्चीच्या कोपऱ्यात त्यानं जास्तीचं ओतलेलं सिमेंट हे सगळं मी 'किरकोळ' या सदरात लिहिलं. वर्ष संपेपर्यंत किरकोळ हेच सर्वांत मोठं सदर झालं होतं.

जुलैच्या सुरुवातीला पिशवी छातीशी धरून परभणीच्या एसटीत चढलो. मानवतपर्यंत उभाच होतो. शेजारच्या बाईंनी पिशवीकडं आणि माझ्या चेहऱ्याकडं पाहून विचारलं, "दवाखान्याचे कागद का, भाऊ? काय निघालं?" मी म्हटलं, "अजून निघायचंय." त्यांनी उठून मला जागा दिली.

परभणीचे सीएसाहेब माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली, कागद भराभर चाळले आणि त्यातला एकच उचलून बाजूला ठेवला. नगर परिषदेच्या घरपट्टीची पावती.

"हा चालेल."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे घरी न्या, सर."

मग त्यांनी मला कायदा सांगितला. घरभाड्याच्या उत्पन्नातून वजा होण्यासारख्या गोष्टी तीनच. मालकानं त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला नगर परिषदेचा कर. तो वजा करून जे उरतं त्याचे सरसकट ३० टक्के. आणि घरासाठी कर्ज काढलं असेल तर त्याचं व्याज. चौथी गोष्ट नाही.

"रंगकाम?" मी विचारलं.

"तीस टक्क्यांत."

"मोटार?"

"तीस टक्क्यांत."

"गच्चीचं वॉटरप्रूफिंग?"

"तेही त्यातच."

"बॉलकॉक?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सर, कायद्याला तुमचा बॉलकॉक माहीत नाही. तुम्ही खर्च किती केला हे कायदा विचारतच नाही. केला असेल असं धरून तीस टक्के सोडून देतो."

"पण माझा खर्च त्याहून जास्त झालाय."

"तरी तीसच."

"आणि ज्यानं वर्षभरात एक खिळासुद्धा ठोकला नाही?"

"त्यालाही तीस."

कर भरायला माझी हरकत नव्हती, पण हे मला झोंबलं. आमच्या गल्लीत एक घरमालक आहेत. त्यांच्या भिंतीला छतापासून जोत्यापर्यंत चीर गेलेली आहे, आणि ती १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाची आहे असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं दाखवतात. भाडेकरूनं ती बुजवायला सांगितली तर म्हणतात, "ऐतिहासिक आहे." या माणसाला तीस टक्के. आणि ज्यानं पक्क्या बिलानं बॉलकॉक बसवला त्यालाही तीस टक्के. सरकार आपल्यावर विश्वास ठेवत नाही म्हणून आपण जन्मभर कुरकुरतो. इथं एका ठिकाणी सरकारनं डोळे मिटून विश्वास ठेवला, पावतीसुद्धा मागितली नाही, तर माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. पावती मागितलीच नाही तर दाखवायची कोणाला?

माझा चेहरा पाहून सीएसाहेबांना दया आली असावी. ते म्हणाले, "सर, तुम्ही घर उशिरा बांधलंत. पूर्वी याच कलम २४ मध्ये मोठी यादी होती. दुरुस्तीचा ठरीव हिस्सा वेगळा, विम्याचा हप्ता वेगळा, जमीनभाडं वेगळं, भाडं वसूल करायचा खर्च वेगळा. यशवंत सिन्हा अर्थमंत्री असताना २००१ च्या वित्त कायद्यानं ते सगळं गुंडाळलं आणि तीस टक्के करून टाकले."

भाडं वसूल करायचा खर्च! तोही मिळायचा! माझ्या डोळ्यांपुढून गेल्या काही वर्षांतल्या झिजलेल्या चपला सरकल्या. जिन्याच्या चौदा पायऱ्या, वर कुलूप, परत चौदा पायऱ्या. योग्य काळी घर बांधलं असतं तर एकेका पायरीचा हिशेब लावला असता.

"आता १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय ना?" मी आशेनं विचारलं. पेपरात वाचलेलं होतं.

"आलाय. कलमांचे नंबर बदललेत, आकारणी वर्ष जाऊन कर वर्ष आलंय."

"आणि तीस टक्के?"

"तेच आहेत."

सगळ्या जगात असंच असतं असं मानून मी गप्प बसलो असतो. पण माझी भाची न्यू जर्सीत राहते आणि तिचंही एक घर भाड्यानं दिलेलं आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर तिला माझं दुःख सांगितलं तर ती म्हणाली, "मामा, इथं सगळं लावता येतं. जाहिरात, साफसफाई, विमा, एजंटचं कमिशन, वकिलाची फी, दुरुस्ती. मी गवत कापायचेसुद्धा लावते."

"गवत?"

"लॉन असतं ना."

"आमच्या मागच्या भिंतीत पिंपळ उगवलाय, त्याचं काय?"

"तो काढायचा खर्च लागला असता. शिवाय घसारा असतो, मामा. घर साडेसत्तावीस वर्षांत झिजतं असं धरून दरवर्षी तेवढी रक्कम वजा करायची."

पाथरीत आमच्या आजोबांचा माळवदाचा वाडा होता. त्याला झिजायला कोणी मुदत घालून दिली नव्हती, तो आपल्या मनानं पावसाळ्यापावसाळ्याला थोडा थोडा बसत गेला. तिकडं लाकडाचं घर कागदावर झिजतं आणि बाजारात दुप्पट भावानं विकलं जातं. विकताना त्या घसाऱ्याचा हिशेब सरकार परत मागतं, असंही भाची म्हणाली. ते मी बायकोला सांगितलं नाही.

आता राहिलं व्याज. सीएसाहेबांनी विचारलं होतं, "घरावर कर्ज किती आहे?"

मी ताठ बसून सांगितलं, "बँकेचं एका पैशाचं नाही." हे वाक्य मी आयुष्यभर लग्नाकार्यांत, सोयरिकीच्या बैठकींत सांगत आलो आणि ऐकणाऱ्यांनी दर वेळी कौतुक केलं. सीएसाहेबांनी मात्र कोणी गेल्याची बातमी ऐकावी तसा चेहरा केला.

"अरेरे," ते म्हणाले. "भाड्यानं दिलेल्या घराचं व्याज पूर्णच्या पूर्ण धरता आलं असतं हो."

पुण्यातला माझा मुलगा या बाबतीत माझ्यापेक्षा फार पुढं आहे. वाकडला त्याचा फ्लॅट आहे, तो भाड्यानं दिलाय आणि स्वतः कंपनीजवळ दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहतो. फ्लॅटचं भाडं येतं त्याच्यापेक्षा कर्जाचं व्याज जास्त जातं. म्हणजे घर तोट्यात. हा तोटा जुन्या करपद्धतीत वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, उरलेला पुढं आठ वर्षं ओढता येतो. नव्या पद्धतीत पगाराला हात लावू देत नाहीत. त्यामुळं जुनी बरी की नवी, यावर तो आणि सूनबाई मार्च महिन्यात रात्री उशिरापर्यंत बोलत असतात. आमच्या भागात कापसात तोटा आला की माणूस चार दिवस पारावर येत नाही. हा पोरगा फोन करून सांगतो, "बाबा, यंदा तोटा चांगला झालाय."

मग मला आठवलं, बँकेचं नसलं तरी मेव्हण्याचं कर्ज आहे. स्लॅबच्या वेळी त्यानं ऐंशी हजार दिले होते, बिनव्याजी, आणि चार माणसांत ते सांगायचंही नाही या अटीवर. सीएसाहेब म्हणाले, कर्ज नातेवाइकाचं असलं तरी व्याज चालतं. फक्त ते खरोखर द्यायला पाहिजे आणि देणाऱ्याचा दाखला पाहिजे. मी बाहेर पडल्या पडल्या सेलूला फोन लावला.

"तू माझ्याकडून व्याज घे."

पलीकडं बराच वेळ शांतता.

"दाजी, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. तू व्याज घे. नऊ टक्क्यांनी घे."

"ताईला फोन द्या."

ताई म्हणजे माझी बायको घरी होती आणि मी परभणीत, त्यामुळं तो प्रसंग संध्याकाळपर्यंत लांबला. संध्याकाळी मेव्हण्यानं स्वतः चौकशी करून ठेवली होती. मी व्याज दिलं की ते त्याच्या उत्पन्नात धरावं लागणार होतं. "म्हणजे तुमची वजावट व्हावी म्हणून मी टॅक्स भरू?" असं तो म्हणाला. बायको म्हणाली, "भावाला सावकार करायला निघालात." त्या रात्री जेवणात फक्त पिठलं होतं.

घरपट्टीची पावती मात्र मी आता देवघराच्या फळीवर ठेवतो. सगळ्या वर्षाच्या कमाईतला तो एकच मान्यताप्राप्त कागद. त्यातही अटी आहेत. कर मालकानंच भरलेला पाहिजे. भाडेकरूनं भरला तर मालकाला वजावट नाही. आणि ज्या वर्षी भरला त्या वर्षीच ती मिळते, मागची थकबाकी का असेना. हे कळल्यावर तलाठीभाऊंनी चार वर्षांचा कर साठवून एकदम भरायची युक्ती काढली. एकदम भरला की वजावट भरघोस दिसेल म्हणाले. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. तलाठी राहिलेला माणूस, दंड लावायची सवय होती, भरायची नव्हती. माझ्या पावतीवर घरपट्टीच्या खाली शिक्षण कर, रोजगार हमी कर आणि वृक्ष कर अशा ओळी आहेत. आमच्याकडं झाड नाही. वृक्ष कर त्या भिंतीतल्या पिंपळाचा असावा.

खर्चाचं एवढं पुराण झालं, आता उत्पन्नाबद्दल बोलायला पाहिजे. म्हणजे भाडेकरूंबद्दल.

वरच्या खोल्यांतला पहिला भाडेकरू माझ्याच खात्यातला. त्याची शाळा तालुक्यातल्या एका खेड्यात. शिक्षकानं मुख्यालयी राहावं, तसा राहत असल्याचा कागद द्यावा आणि घरभाडे भत्ता घ्यावा, अशी रीत. त्यामुळं कागदावर हा खेड्यात राहायचा. सकाळी माझ्या टाकीचं पाणी संपवून, माझ्या जिन्यावरून उतरून, मोटारसायकलवर तो आपल्या कागदोपत्री घरी जायचा आणि शाळा सुटली की मुक्कामाला परगावी, म्हणजे माझ्याकडं यायचा. पावती दिली तर घेईना.

"सर, मी इथं राहतच नाही."

"मग भाडं?"

"ते देतो की."

पुढं पुढं त्याचा त्या कागदावर इतका विश्वास बसला, की भाड्याचीही टाळाटाळ व्हायला लागली. मला फार बोलता येईना. नोकरीत असताना मी कागदावर कुठल्या गावात राहायचो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

खाली रस्त्याच्या बाजूला शटर आहे. ते एका पोराला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेसाठी दिलं होतं. भिंतीला भारताचा नकाशा, टेबलांना मधे प्लायवूड, बाहेर फ्लेक्सवर 'यशाची पहिली पायरी'. पायरी माझीच होती, तिचं भाडं थकत गेलं. पोलीस भरती निघाली की पोरं यायची, भरती लांबली की निघून जायची. शेवटी एक दिवस चालकही गेला. मागं नकाशा ठेवला आणि बावीस प्लास्टिकच्या खुर्च्या. भाड्याच्या बदल्यात खुर्च्या ठेवून घ्या, असा मेसेज आला.

न मिळालेलं भाडं उत्पन्नातून वगळता येतं का, हे मी सीएसाहेबांना विचारलं. येतं. माझ्या त्या वर्षाच्या हिशेबाला लागू असलेल्या आयकर नियम १९६२ मधला नियम ४ त्यासाठीच होता. पण त्याला चार अटी होत्या. भाडेव्यवहार खरा असावा. भाडेकरूनं जागा सोडलेली असावी किंवा त्याला काढण्यासाठी पावलं उचललेली असावीत. तिसरी अट मला फार आवडली: त्या भाडेकरूनं मालकाची दुसरी एखादी जागा अडवलेली नसावी. नियम लिहिणाऱ्याच्या घरात भाडेकरू होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि चौथी, वसुलीसाठी कोर्टाची वाट धरलेली असावी. नाहीतर तिकडं जाऊन उपयोग नाही हे अधिकाऱ्याला पटवून द्यावं. हे पटवायला मला साक्षीदार शोधावा लागला नसता, आख्खी एसटी भरून लोक आले असते.

"आणि समजा पुढं कधी त्यानं पैसे दिलेच तर?"

"मग ते त्या वर्षीचं उत्पन्न. आणि त्यातूनही तीस टक्के वजा."

सरकार तीस टक्के कुठंच विसरत नाही.

अडवलेल्या जागेवरून आठवलं. जागेचा हट्ट पाथरीला नवा नाही. फेरिश्ता या इतिहासकारानं लिहून ठेवलंय की अहमदनगरच्या निजामशाहांचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. सोळाव्या शतकात बुऱ्हाण निजामशाहाला पूर्वजांचं गाव परत हवंसं वाटलं. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहाकडं होती. बदल्यात दुसरा मुलूख देतो, असा निरोप गेला. इमादशाहानं नकार दिला. मग निजामशाहानं फौजेच्या जोरावर गाव घेतलं. बिलं ठेवली होती की नाही, याबद्दल फेरिश्ता काही म्हणत नाही.

दुसरा भाडेकरू बँकेतला, लातूरकडचा, व्यवस्थित माणूस. हा पहिल्याच्या अगदी उलट; याला पावती पाहिजे होती आणि जरा मोठी पाहिजे होती.

"महिन्याला ८,३०० ची द्या, काका."

"भाडं तर सात हजार ठरलंय."

"हो, पण एचआरएला बरं पडतं. आणि वर्षाला लाखाच्या आत राहतं. लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन नंबर द्यावा लागतो. तुम्हाला कशाला त्रास?"

"म्हणजे मला न मिळालेले तेराशे रुपये माझ्या उत्पन्नात?"

"कागदावर फक्त."

कागदावर खेड्यात राहणारा भाडेकरू मी पचवला होता, पण कागदावर भाडं देणारा पचवण्याची माझी तयारी नव्हती. शिवाय आता खात्याचे संगणक एकाची पावती दुसऱ्याच्या विवरणाशी ताडून बघतात, असं सीएसाहेबांनी सांगून ठेवलं होतं. मी सात हजारांचीच पावती दिली. पाच हजारांच्या वरची पावती म्हणून त्यावर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप लावायचा होता. तो त्यानंच आणून लावला आणि पुढच्या महिन्याच्या भाड्यातून एक रुपया कापून घेतला. ते मी गमतीवारी नेलं.

शेवटी, दुसऱ्या खेपेला, सीएसाहेबांनी माझा हिशेब मांडला. वर्षाचं भाडं ८४,०००. त्यातून घरपट्टी २,४००. उरले ८१,६००. त्याचे तीस टक्के २४,४८०. राहिलं उत्पन्न ५७,१२०. अधिक पेन्शन. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सर, एक विचारू? तुमचं सगळं मिळून बारा लाखांच्या किती तरी आत आहे. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून तिथपर्यंत कर शून्य."

"म्हणजे वजावट लावली तर कर किती?"

"शून्य."

"आणि नाही लावली तर?"

"शून्य."

त्यांच्या हाताखालची मुलगी संगणकाआड तोंड लपवून हसत होती. एसटीचं भाडं, पक्क्या बिलांचे अठरा टक्के, मेव्हण्याशी आलेला अबोला, सगळं माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

"लावा," मी म्हटलं.

"अहो, पण उपयोग..."

"लावा तुम्ही. हक्काची आहे." आणि उठता उठता विचारून घेतलं, "तुमची फी कुठं धरायची?"

"तीस टक्क्यांत," ते म्हणाले.

कायद्यातली वजावट अशी कोरडी गेली. पण त्या एक रुपयापासून घरात जी दुसरी वजावट सुरू झाली, तिला तीस टक्क्यांची मर्यादाच नाही. बँकेतला माणूस असल्यामुळं तो भाड्यासोबत दर महिन्याला एक चिठ्ठी देतो, आडव्या-उभ्या रेघा मारून. गेल्या महिन्याची अशी होती: बल्ब ११०, नळाचा वॉशर ४०, माकडांसाठी खिडकीला जाळी १,२५०, रेव्हेन्यू स्टँप १. एकूण वजा १,४०१. देय ५,५९९. रक्कम पाकिटात, पाकिटावर तारीख.

मी सीएसाहेबांना फोन केला. त्यांनी सांगितलं की भाडेकरूनं परस्पर कापून घेतलं तरी भाडं सात हजारच धरायचं. जाळी तीस टक्क्यांत. माकडंही तीस टक्क्यांतच, असं ते मला वाटतं वैतागून म्हणाले.

परवा तो संध्याकाळी खाली आला. मला वाटलं, जिन्यातल्या ट्यूबचं काही असेल. खुर्ची ओढून बसला. अभ्यासिकेच्या खुर्च्या आता आम्ही वापरतो.

"काका, तुमचे ते सीए चांगले आहेत म्हणे?"

"चांगले आहेत. का?"

"नाही, म्हटलं, दर महिन्याला तुमच्या घरावर आधी माझ्या खिशातून खर्च होतो. त्यांना विचारून बघा ना, मला यावर काही वजावट मिळते का." आणि त्यानं पाठीमागं लपवलेली फाइल पुढं केली. सगळी पक्की बिलं होती, तारखेवार लावलेली.